नूरबानूच्या भिंतीवरची गिटार

माझ्या अंगावर सहा तारांची जागा आहे. तारा मात्र आता दोनच उरल्या आहेत. मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, विजेवर वाजणारी. मुरुडच्या कोळीवाड्यात एका घराच्या माळ्यावर माझा मुक्काम आहे. खाली माणसे जेवतात, भांडतात, जाळी शिवतात. वर कुणी येत नाही. दुपारी सगळे आडवे झाले की समुद्राची गाज कौलांतून खाली उतरते. अशा वेळी मला नेहमी वाटते की कुणीतरी माझ्या अगदी जवळ येऊन बोलणार आहे. पण कुणी येत नाही, आणि आले तरी मला त्याला उत्तर देता येणार नाही. एके काळी मी उत्तर देत असे. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म फार दूरच्या, थंड मुलखातला. तिथल्या एका कारखान्यात माझे लाकूड कापले गेले, घासले गेले आणि त्यावर तपकिरी रोगण चढले. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते, माझे भरीव आहे. त्यामुळे माझा आवाज पोटात घुमत नाही; तो तारांखाली बसवलेल्या दोन छोट्या पट्ट्यांतून निघतो. त्यांना पिकअप म्हणतात. पिकअप म्हणजे लोहचुंबकाच्या तुकड्यांभोवती केसाहून बारीक अशी तांब्याची तार गुंडाळलेली असते, हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकाला ते कळते, ते वायरीतून आवाजाच्या पेटीकडे जाते आणि पेटी बोलू लागते. ते वेढे हलू नयेत म्हणून कारखान्यातल्या बाईने माझे दोन्ही पिकअप गरम मेणात बुडवून काढले होते. मेण थिजले आणि वेढे घट्ट बसले. त्या मेणाची आठवण ठेवा, मित्रांनो. पुढे जे घडले ते सारे त्या मेणामुळे घडले.

हॅम्बुर्ग बंदरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मी लटकत होते. १९५५ साल असेल. पावसातून एक काळासावळा, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण आत आला. तो मालवाहू आगबोटीवर खलाशी होता. त्याचे नाव नुरुद्दीन. मुरुडच्या मोहल्ल्यात त्याची आई नूरबानू आणि धाकटी बहीण तैयबा राहत. वडील लहानपणीच गेलेले. त्याने मला उचलले, एक तार छेडली आणि माझ्यावर कान टेकवला. दुकानदार काही सांगत होता, पण नुरूचे तिकडे लक्षच नव्हते. मी आणि माझी आवाजाची पेटी, दोघींना घेऊन तो बोटीवर आला.

बोटीवर त्याचा एक गाववाला होता, मकसूद. वयाने थोडा मोठा, कामाने वायरमन. त्याने वायरी जोडून दिल्या आणि पेटीत पहिल्यांदा माझा आवाज फुटला तेव्हा खलाशांच्या खोलीत एकच गलका झाला. नुरू कुणाकडून शिकला नव्हता. तो गावाकडच्या लग्नातली बायकांची गाणी माझ्यावर शोधून शोधून काढी. वाजवताना तो माझ्यावर इतका ओणवा होई की त्याचा श्वास माझ्या तारांना लागे. तो हळू आवाजात गातही असे. त्याचा गळा जाड, थोडा बसलेला, बाईमाणसाच्या खालच्या पट्टीसारखा होता. मकसूद त्याला चिडवी, "तू गायला लागलास की वाटतं, नूरबानूचाचीच बोटीवर आली."

सुट्टीवर तो मला घरी आणी. मुरुडात तेव्हा आमच्या मोहल्ल्यापर्यंत वीज आलेली नव्हती. मग तो ओट्यावर बसून मला नुसतीच छेडी. वीज नसली की मी अगदी बारीक बोलते, डासाच्या गुणगुणीएवढी. कोळीवाड्यातला त्याचा दोस्त हरेश्वर मासेमारीहून आला की तडक आमच्या ओट्यावर येई. हरेश्वर लग्नांतून बेंजो वाजवायचा. दोघे शेजारी बसून सूर जुळवीत. नूरबानू आतून भाकरीचे पीठ लागलेल्या हाताने बाहेर येई आणि म्हणे, "एवढं मोठं अंग हिचं, नि आवाज कसा न्हाय रे?"

"वीज येऊ दे, मा," नुरू म्हणे. "मग हिचा खरा आवाज तुला ऐकवीन. सगल्या मोहल्ल्याला ऐकवीन."

ते त्याला जमले नाही. एका पावसाळ्यात, भर समुद्रात, नुरू माझी तार लावत बसला होता. वरून हाक आली. त्याने मला बिछान्यावर आडवे ठेवले, अंगावर पांघरूण टाकले आणि तो धावत वर गेला. मी वाट पाहत राहिले. बोट हेलकावत होती, डोक्यावर पावलांची धावपळ चालली होती. बऱ्याच वेळाने कुणीतरी आले. तो मकसूद होता. नखशिखान्त भिजलेला. तो बिछान्याच्या कडेवर बसला, त्याने माझ्यावरचे पांघरूण नीट केले आणि निघून गेला.

मुरुडला मला मकसूदनेच परत आणले. एका हातात नुरूची आवाजाची पेटी, दुसऱ्या हातात मी. नूरबानू दारात उभी होती. मकसूदने आम्हाला ओट्यावर ठेवले. तो म्हणाला, "चाची, तुफान होतं. नुरू... हरवला." आणि तो ओट्यावर खाली बसून रडू लागला.

हरवला. मित्रांनो, या शब्दाला दार असते. जे हरवते ते सापडूही शकते. नूरबानूने तो शब्द घट्ट धरून ठेवला. ती रडली नाही. मोहल्ल्यातली वडीलधारी माणसे येऊन समजावू लागली की गायबाना नमाज पढू या. ज्याची मयत हाती लागत नाही, त्याच्यासाठीही नमाज असते. ती उठून आत गेली. "जिवंत माणसाची जनाजाची नमाज पढत न्हायत," एवढेच ती दाराआडून बोलली.

मला तिने जिवापाड जपले. समुद्रकाठची हवा दमट. कपाटातल्या चादरींनाही बुरशी धरे. म्हणून तिने घरातली सगळ्यात कोरडी जागा माझ्यासाठी निवडली: चुलीमागची भिंत. रोज ती मला पदराने पुसे. तिला काय ठाऊक की चुलीची ती ऊब माझ्या अंगात हळूहळू शिरत होती? दिवसामागून दिवस माझ्या पिकअपमधले मेण मऊ होत गेले आणि थेंबाथेंबाने गळले. भिंतीवर मेणाचा एक ओघळ आला. तिला वाटले, मेणबत्तीचा असेल. तिने तो नखाने खरवडून टाकला. आत माझे वेढे सैल झाले होते. तारांच्या थरथरीची गरजच उरली नव्हती. जवळ कुणी बोलले, तरी त्या हवेच्या हलण्याने वेढे आपले आपण शहारत. पण वीज नव्हती, म्हणून हे कुणालाच कळले नाही.

१९६० साल उलटल्यावर आमच्या मोहल्ल्यात वीज आली. मकसूद तोपर्यंत बोटीची नोकरी सोडून गावात परतला होता आणि घरोघर वायरिंगची कामे करत होता. आमच्या घरी तो आला तेव्हा नूरबानूने आधी दिवा लावायला सांगितले नाही. ती म्हणाली, "त्याची पेटी लाव. आला की त्याला तयार पायजे."

मकसूदने खाली मान घालून पेटी जोडली, मला स्टुलावर टेकवली, एक तार छेडून बघितली. आवाज निघाला. त्याला तो सहन झाला नसावा. बाकीचे काम उद्या करतो म्हणून तो घाईघाईने निघून गेला. तैयबा विहिरीवर गेली होती. घरात नूरबानू आणि मी, दोघीच. भर दुपार. बाहेर ऊन नुसते पांढरे पडले होते आणि पेटीतून घुंऽऽ असा एक सूर संथ वाहत होता.

नूरबानू माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझ्या तारांपाशी तोंड आणून ती हळूच म्हणाली, "नुरू, वीज आली बघ."

आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पेटीतून, जाड बसलेल्या गळ्याने कुणीतरी म्हणाले, "...रू... ली बघ..."

सहाही तारा त्या शब्दांबरोबर थरथरत होत्या, त्यामुळे तो आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. नूरबानूचा हात तोंडावर गेला. मग तिने पुन्हा तोंड जवळ आणले. "येशील ना?" तिने विचारले. पेटीतून शब्द कडा झिजून आले: "...ए... ई... ना..."

तो तिचाच आवाज होता, मित्रांनो. मला ठाऊक होते, कारण तो माझ्यातून गेला होता. पण आईचा आणि मुलाचा गळा एकच होता. तिने स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला होता? आपण कुणीच ऐकत नाही. तिने ऐकला तो नुरूचा आवाज. त्या दुपारी, इतक्या काळानंतर पहिल्यांदा, ती रडली, आणि हसलीही.

त्या दिवसापासून रोज दुपारी ती पेटी चालू करी आणि माझ्याशी बोले. आज बांगडा आला होता, तैयबाला ताप आहे, जुम्माला पाऊस पडला. प्रत्येक वाक्याचे शेपूट पेटी तिला परत देई. त्यात ती आपल्याला हवे ते ऐके. हळूहळू तिचे बाहेर जाणे थांबले. ताटात वाढलेले तसेच राहू लागले. शेजारणी दाराशी येऊन परत जात, कारण आत कुणीतरी पुरुष बोलतो आहे असे त्यांना वाटे. मग कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी आमच्या दारावरून जाताना बायका पोरांना दुसऱ्या कडेला घेत.

तैयबाचे लग्न ठरत आले होते. दिवेआगरजवळच्या बोर्लीचे स्थळ होते. मुलगा शाळेत शिकवायचा. त्याने तिला एका नातेवाइकाच्या घरी पाहिले होते आणि तिलाही तो आवडला होता. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा विचारणा होत होती.

"मा, बोर्लीवाले परत आलेले. चाचांना इचारून गेले."

"चाचाला काय इचारतात? बाप नसलेल्या पोरीचा वली, बापाच्या जागचा, भाऊ असतो. नुरू येईल, तो निकाहाला बसेल. मला बोलला हाय तो."

"कधी बोलला, मा?"

"काल दुपारीच बोलला."

तैयबा भिंतीला पाठ लावून तशीच उभी राहिली. तिची नजर माझ्यावर होती. तेव्हा मला बोलता आले असते तर मी काय सांगितले असते, कोण जाणे.

एके दुपारी हरेश्वर पापलेट घेऊन आला. तो नेहमीच्या सवयीने हाक न मारता आत शिरला आणि माजघराच्या उंबरठ्यावर थबकला. आतून नुरूचा आवाज येत होता. मासळीची टोपली त्याच्या हातातून सुटली. तैयबा धावत आली तेव्हा तो पांढराफटक पडून मागच्या अंगणात उभा होता.

"तैयबा, यो आवाज नुरूचाच हाय. मी वलखतो. ती गिटार पछाडलेली हाय. माज्या होडीत घाल, मी तिला खोल पान्यात सोडून येतो. चाचीचा जीव घेईल ती."

"सोडून आलास तर मा तिच्या मागं पान्यात जाईल," तैयबा म्हणाली. "थांब जरा. मला बघू दे."

दुसऱ्या दिवशी नूरबानूचा डोळा लागला तेव्हा तैयबा माझ्याजवळ आली. तिने पेटी चालू केली, माझ्यावर वाकली आणि भावाचे नाव न घेता नुसते म्हणाली, "तैयबा." पेटीतून तिचाच आवाज आला, तरुण, बारीक, घाबरलेला. तिने पुन्हा म्हटले. पुन्हा तोच. तिने पेटी बंद केली. भूत नव्हते म्हणून तिला हायसे वाटायला हवे होते. पण ती गुडघ्यांत डोके घालून हुंदके देऊ लागली. मला वाटते, इतके दिवस तिलाही कुठेतरी आशा होती.

तिने मकसूदला बोलावले. हरेश्वरही आला. मकसूदने पेटी चालू ठेवून माझ्या पिकअपवर नखाने टिचकी मारली. पेटीत टक् असा आवाज झाला, कुणी आतून दार वाजवल्यासारखा.

"यातलं मेण गळलंय," तो म्हणाला. "वेढे सुटलेत. आता ही नुसत्या तारा ऐकत न्हाय, समोर जो बोलेल त्याला ऐकते. नि खाऱ्या हवेनं तांबंपण सडत चाललंय. हे काढून दुसरे बसवले पायजेत. नवीन निघालेत आता, दोन-दोन गुंडाळ्यांच्या जोडीचे. त्यांत ही घुंऽऽ पण येत न्हाय. बाजूचं काय ऐकू जात न्हाय. नुसती तार बोलते."

"मग मागव ना," हरेश्वर म्हणाला. "चाची कुठं गेली की बसवून टाकू. तिला सांगू, तो निघून गेला म्हनून."

"न्हाय," तैयबा म्हणाली. "'हरवला' म्हणून एकदा सांगून झालंय तिला अर्धवट. परत न्हाय. तिला इचारल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय."

हे ऐकून मकसूदने मान फिरवली. पुढे कितीतरी वेळ तो वायरीचे भेंडोळे गुंडाळत बसला होता.

त्याच्या ओळखीचा एक खलाशी विलायतेच्या बोटीवर होता. त्याच्याकरवी नवे पिकअप मुरुडला पोचायला पावसाळा सरला. तैयबाने ते आईसमोर ठेवले आणि सगळे सांगितले: मेण, वेढे, आवाज.

नूरबानूने शांतपणे ऐकून घेतले. "हे बसवल्यावर तो बोलेल?"

"न्हाय, मा. हे बसवल्यावर ती नुसती वाजेल."

"मग उचल ते. नि परत या घरात असलं काय बोलू नको." नूरबानूने मला स्टुलावरून उचलून मांडीवर घेतले, लहान पोराला घेतात तसे, आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मायलेकी कित्येक दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पण खारी हवा कुणासाठी थांबत नाही. थंडी सुरू झाली आणि माझ्या एका पिकअपमधली केसाएवढी तार तुटली. तो पिकअप मुका झाला. दुसऱ्यातून आवाज येई, पण खरखरत, तुटत, बुडबुडे फुटल्यासारखा. नूरबानू बोले आणि पेटीतून जे परत येई ते पाण्याखालून कुणी ओरडावे तसे असे. ती आणखी जवळ येई, आणखी मोठ्याने बोले. आवाज आणखीच फाटे. एकदा ती "नुरू! नुरू!" म्हणून किंचाळली आणि पेटीतून नुसता गुळण्या केल्यासारखा खळखळाट झाला. मला त्या वेळी स्वतःचीच भीती वाटली, मित्रांनो.

तैयबा धावत आली तेव्हा नूरबानू कानांवर हात ठेवून बसली होती.

"मकसूदला बोलव," ती म्हणाली. "त्याचा जीव घुसमटतोय यात. मला ऐकवत न्हाय. सोडव त्याला."

सकाळच्या उजेडात, ओट्यावर, चटईवर मला आडवे ठेवले. मकसूदने स्क्रू काढले, माझ्या छातीवरची पट्टी उचलली. डाख द्यायची सळई चुलीत तापवून त्याने वायरींचे कथलाचे जुने सांधे वितळवले आणि दोन्ही पिकअप सुटे केले. नवे आकाराने रुंद होते. त्यांच्यासाठी लाकडात जागा वाढवावी लागणार होती. हरेश्वरने मला दोन्ही हातांनी दाबून धरले आणि मकसूदने पटाशीवर हातोडी मारायला सुरुवात केली. माझ्या अंगाच्या ढलप्या उडू लागल्या. नूरबानू उशाशी बसून बघत होती. तैयबाने आईचा खांदा धरला होता.

"मकसूद," नूरबानू एकाएकी म्हणाली, "त्या दिवशी तू कुठं होतास?"

हातोडी थांबली.

"बोटीवर होतो, चाची."

"ते मला ठाऊक हाय. तू बघितलंस?"

मकसूदने पटाशी खाली ठेवली. त्याने हरेश्वरकडे बघितले, तैयबाकडे बघितले. तिथे कुणीच त्याच्या मदतीला येणार नव्हते.

"बघितलं," तो म्हणाला. "ताडपत्री सुटलेली. आम्ही दोघं बांधायला गेलो. लाट आली तवा त्यानं दोर धरलेला. लाट गेली नि दोर तिथंच होता, चाची. तो न्हवता. मी कठड्याकडं धावलो. पान्यात त्याचं डोकं दिसलं, एक हात दिसला. मी वरडलो. मग पुढची लाट आली. कप्तानानं बोट फिरवली, दिवस बुडेपर्यंत आम्ही तिथंच फिरत होतो. मग... मग कायच दिसलं न्हाय."

"माझ्याकडं आलास तवा का न्हाय बोललास?"

"तू दारात हसत उभी होतीस," मकसूद म्हणाला.

गल्लीतून एक कोळीण टोपली घेऊन गेली, तिने ओट्याकडे बघितले आणि ती हाळी न घालताच पुढे गेली. नुरू कुठे गेला, हे मलाही तोवर कुणी सांगितले नव्हते. तो मला बिछान्यावर ठेवून गेला, तशीच मी त्याची वाट पाहत होते. छातीत भोक पडलेले असताना मला ते कळले.

नूरबानूने बाजूला काढून ठेवलेले जुने पिकअप हातात घेतले. गंजलेले, धुळीने भरलेले, आगपेटीहून अरुंद.

"एवढंसंच होतं?" ती म्हणाली. तिने ते थोडा वेळ तळहातावर धरले आणि मग मकसूदच्या पिशवीत टाकले. "कर पुढचं काम."

ते जुने पिकअप पुढे कुठे गेले, मला माहीत नाही. एखाद्या पत्र्याच्या डब्यात ते खिळ्यांखाली पडले असतील. आजूबाजूला माणसे बोलत असतील, आणि ते ऐकत असतील. त्यांना वायर नाही, पेटी नाही, एवढेच.

दुपारपर्यंत नवे पिकअप बसले. मकसूदने पेटी चालू केली. घुंऽऽ नव्हते. इतका स्वच्छ सन्नाटा मी माझ्या जन्मात ऐकला नव्हता. नूरबानू पुढे सरकली. तिने माझ्या तारांपाशी तोंड आणले. तैयबाने डोळे मिटून घेतले.

"नुरू," ती म्हणाली.

काही आले नाही. ती वाट पाहत राहिली, आम्ही सगळेच वाट पाहत राहिलो. दूरवर पुळणीवर लाट फुटली, तेवढाच आवाज.

मग नूरबानूने हरेश्वरला खूण केली. त्याने मला मांडीवर घेतले आणि ओट्यावर नुरूबरोबर बसून तो जी लग्नातली गाणी वाजवी, त्यातलेच एक छेडले. काय सांगू, मित्रांनो! सूर काचेसारखा लख्ख निघाला. मोहल्ल्यातली दारे उघडली. नूरबानू खांबाला टेकून ऐकत होती. गाणे संपल्यावर तिने पदराने तोंड पुसले.

"आवाज चांगला हाय हिचा," ती म्हणाली. "तैयबा, चाचाला सांग मशिदीत जायला. म्हणावं, माझ्या नुरूची नमाज पढायचीय."

त्या जुम्माला मशिदीत गायबाना नमाज झाली. माणसे इतकी आली की अंगण पुरले नाही. कोळीवाड्यातली माणसे हरेश्वरबरोबर बाहेर रस्त्यावर टोप्या काढून उभी होती. त्यानंतर काही महिन्यांनी तैयबाचा निकाह झाला. वली म्हणून चुलता बसला. मांडवाबाहेर हरेश्वरने मला वाजवले, आणि मोहल्ल्यातल्या बायका, ज्या आमच्या दारावरून पोरांना ओढून नेत, त्या माझ्या सुरावर गात होत्या.

तैयबा सासरी गेली. पाहुणे पांगले. रात्र होण्याआधीच नूरबानूने चूल विझवली आणि ती दाराशी गेली. इतकी वर्षे त्या दाराला रात्री कडी लागली नव्हती. नुसते लोटलेले असे. अवेळी आलेल्या माणसाला ठोठवावे लागू नये म्हणून. ती दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने दार ओढून घेतले आणि गंजलेली कडी जोर लावून वर चढवली. तो आवाज मी माझ्या लाकडातून ऐकला. नव्या पिकअपना तो ऐकू आला नसता.

सकाळी तिने मला हरेश्वरच्या हवाली केले. "भिंतीवर नको ठेवूस," ती म्हणाली. "वाजव." त्याने खूप वाजवले. थळपासून दिवेआगरपर्यंत आम्ही किती मांडव गाजवले, त्याची गणती नाही. लोक हरेश्वरला खांद्यावर घेत आणि मला हात लावायला पोरे धडपडत. मग त्याची बोटे दोराने आणि मिठाने आखडली, नवी वाद्ये आली आणि मी माळ्यावर आले. माझी तक्रार नाही. तारा गंजल्या आहेत, पण छातीतले पिकअप अजून धड आहेत. कुणी चार नव्या तारा लावल्या तर मी आजही वाजेन.

तेव्हा मित्रांनो, घरात एखादे वाद्य असेल तर त्याला चुलीजवळ ठेवू नका, खाऱ्या वाऱ्यात ठेवू नका, आणि नुसते पुसून भिंतीवरही ठेवू नका, वाजवा. त्याचा एखादा भाग झिजला तर बदलायला भिऊ नका. पण बदलण्याआधी बघा, त्याच्यापाशी कान लावून कुणी बसले आहे का. बसले असेल, तर त्याला विचारा. आणि तुमच्या गावात असे एखादे घर असेल, जिथे रात्री दार नुसते लोटलेले असते, तर त्या घरी जा. तुम्हाला जे ठाऊक आहे ते आत बसलेल्या माणसाला सांगा. सगळे सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका, तिथेच बसा.